डायरीत पहिला रिमार्क आला, वर्गात ओरडा बसला: लहान मुलाला घरी कसं सावरायचं

जूनमध्ये शाळा सुरू झाली की लहान वर्गांचे पहिले काही आठवडे रडण्यात जातात. मग मूल रुळतं, मित्र होतात, आणि मित्र झाले की ते वर्गात बोलायला लागतं, जागेवरून उठायला लागतं, आणि एक दिवस घरी येऊन सांगतं "आज मिस मला ओरडली", किंवा काहीच सांगत नाही पण डायरीत लाल पेनाने लिहिलेलं असतं, टॉक्स टू मच इन क्लास. मी प्राथमिकला शिकवते, सिनियर केजी ते दुसरीपर्यंतची मुलं माझ्याकडे असतात, आणि माझं स्वतःचं पोरही याच वयातून गेलंय, म्हणून दोन्ही बाजूंनी हे बघितलंय. मला मनापासून एकच गोष्ट सांगायचीय ती म्हणजे शाळेतली छोटी शिक्षा शाळेतच संपू द्या. तिच्यावर घरी दुसरी शिक्षा झाली, किंवा घरच्यांनी लगेच टीचरशी भांडण काढलं, की पाच मिनिटांची गोष्ट मुलाच्या डोक्यात पाच दिवस राहते. आता हे करायचं कसं ते एकेक करून सांगते.

आधी ठरवा, हे खरंच छोटं आहे का

छोटं म्हणजे काय? सगळ्यांसमोर नाव घेऊन दटावलं, जागा बदलली, दोन मिनिटं जागेवर उभं केलं, लाईनमध्ये शेवटी पाठवलं, वहीत स्टार दिला नाही, पीटीच्या तासाला सोडलं नाही, डायरीत रिमार्क लिहिला. यातलं सगळंच मला पटतं असं नाही (पीटीचा तास बुडवणं तर अजिबात पटत नाही, जे मूल हललं म्हणून ओरडा खातं त्याचंच हलणं बंद करून काय मिळणार) पण या गोष्टी मूल पचवू शकतं, आणि घरच्यांची साथ असेल तर त्यातून थोडं शिकतंही.

छोटं नसलेलं म्हणजे चापट, पट्टी, कान पिळणं, ऊठबशा, अंगठे धरायला लावणं, उन्हात उभं करणं, सू-शीला जाऊ न देणं, डबा खाऊ न देणं, "ढ", "काळा", "जाड्या" असं काही म्हणणं, जातीवरून किंवा फी भरली नाही यावरून बोलणं. हे कुठल्याही कारणाने चालत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ मध्ये शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीवर बंदी आहे आणि ती मोडणाऱ्या शिक्षकावर कारवाईची तरतूदही तिथेच आहे. हा कायदा ६ ते १४ वयाचा आहे म्हणून केजीतल्या मुलाला मारलं तर चालतं असा अर्थ कोणी काढू नका, आणि कोणी तसं सांगितलं तर ऐकूनही घेऊ नका.

तुमच्याकडे या दुसऱ्या प्रकारचं काही असेल तर पुढचे सल्ले बाजूला ठेवा. मूल जे बोललं ते त्याच्याच शब्दात तारखेसकट लिहून ठेवा, अंगावर वळ असेल तर फोटो काढा आणि डॉक्टरांना दाखवा, मुख्याध्यापकांना लेखी द्या आणि पोच घ्या. तिथे दाद लागली नाही तर शिक्षणाधिकारी आहेत, महाराष्ट्र राज्य बाल हक्क संरक्षण आयोग आहे, आणि १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाईन दिवसरात्र फुकट चालते. मुलाला मात्र तीच हकीकत काकाला सांग, आजीला सांग, परत सांग असं करू नका, एकदा नीट ऐकलंत की पुरे.

शाळा सुटल्यावरचा पहिला तास

गेटवर काही विचारू नका. व्हॅनवाले काका सांगतील "आज याला लय बोलणी बसली बरं का", शेजारची आई सांगेल माझी मुलगी सांगत होती की तुमच्या मुलाला उभं केलेलं, आणि हे सगळं मूल तुमचा हात धरून ऐकत असतं. "हो का, बघते घरी गेल्यावर" एवढंच म्हणा आणि निघा. मुलासाठी सगळ्यांसमोर नाव निघणं हीच मोठी शिक्षा होती, ती गेटवर परत नको.

घरी आल्यावर हातपाय धुणं, खाणं, पाणी, थोडं लोळणं. उपाशी आणि दमलेल्या पाच वर्षांच्या मुलाकडून काहीही कळत नाही, ते एकतर रडतं नाहीतर "काही नाही" म्हणतं. डायरी तुम्ही वाचली असेल तरी लगेच समोर नाचवू नका. आणि वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर काही म्हणजे काही टाकू नका, तिथे एका तासात तुमच्या मुलाची गोष्ट चाळीस घरांत जाते आणि उद्या चाळीस मुलं त्याला तेच विचारतात.

ऐकायचं कसं

"का केलंस असं?" हा प्रश्न आपण सगळे विचारतो आणि त्याचा उपयोग शून्य, कारण या वयाच्या मुलाला ते का केलं हे खरंच सांगता येत नाही, मग ते काहीतरी बनवून सांगतं आणि आपण म्हणतो खोटं बोलतोय. त्याऐवजी चित्र डोळ्यासमोर येईल असं विचारा. तू कुठे बसला होतास? शेजारी कोण होतं? मिस फळ्यावर लिहीत होत्या की वही तपासत होत्या? मग काय झालं? त्यानंतर काय झालं? मूल शेवट आधी सांगतं आणि सुरुवात नंतर, म्हणजे "मिसने मला मागे बसवलं" हे आधी येतं आणि "मी त्याचा खोडरबर घेतला होता" हे रात्री झोपताना येतं, म्हणून एका बैठकीत सगळं कळलंच पाहिजे असा हट्ट धरू नका.

अजून एक महत्त्वाचं. उत्तर आपण आधीच प्रश्नात घालायचं नाही. "टीचरने मारलं का? जोरात मारलं का? हातावर की पाठीवर?" असं दोन-तीनदा विचारलं की लहान मूल हो म्हणायला लागतं, आई-बाबांना हेच ऐकायचंय असं त्याला वाटतं. आणि खरंच काही झालेलं असेल तर अशा विचारण्याने ते खरंही गढूळ होतं. मूल आपणहून बोललं तर मात्र शंभर टक्के गंभीरपणे घ्या.

"मिस मला ओरडली" याचे पण अर्थ बरेच असतात. कधी खरंच त्याला ओरडलेल्या असतात, कधी सगळ्या वर्गाला मोठ्या आवाजात "गप्प बसा" म्हटलेलं असतं आणि पहिल्या बाकावरच्या मुलाला ते स्वतःला वाटलेलं असतं, आणि कधी शेजारच्या मुलाला ओरडल्या पण घाबरलं आपलं मूल. हा तिसरा प्रकार आपल्या लक्षातच येत नाही. ज्याला कधीच ओरडा बसत नाही असं शहाणं, नेटकं मूल दुसऱ्याला शिक्षा झालेली बघून रात्री झोपेत दचकतं, कारण त्याला वाटतं आता माझा नंबर.

बोलतच नसेल तर शाळा-शाळा खेळा. त्याला टीचर करा, तुम्ही मुलगा व्हा, आणि मुद्दाम बोलत बसा, वही उघडू नका. मग बघा त्याच्या तोंडून वर्गातलं काय काय बाहेर येतं, आवाज, हातवारे, शब्द सगळं. प्रश्न विचारून जे कळत नाही ते यात सहज कळतं.

काय बोलायचं, काय नाही

ऐकून झालं की आधी त्याला काय वाटलं ते शब्दात सांगा. "सगळ्यांसमोर नाव घेतलं म्हणून लाज वाटली ना तुला?" एवढं म्हटलं तरी कितीतरी मुलं मान हलवून तिथेच मोकळी होतात. "त्यात काय रडायचं", "मुलगा असून रडतोस", "आमच्या वेळी तर छड्या खाल्ल्या आम्ही" हे नको. तुम्ही छड्या खाल्ल्यात हे खरं असेल, पण त्याने त्याचं आजचं दुखणं कमी होत नाही, उलट पुढच्या वेळी ते तुम्हाला सांगणार नाही.

मग वागणं आणि मूल वेगवेगळं करा. चार-सहा वर्षांच्या मुलाच्या डोक्यात सरळ हिशोब असतो, मिस रागावली म्हणजे मी वाईट आहे आणि मिसला मी आवडत नाही. तर त्याला साध्या शब्दात सांगायचं, "मिसना तू मधे बोललेलं आवडलं नाही, पण तू त्यांना आवडतोस. आणि ते आता संपलं." हे "संपलं" जरूर म्हणा, कारण लहान मुलांना वेळेचा अंदाज नसतो, उद्या पण मिस रागावलेलीच असणार असं ती धरून चालतात आणि म्हणूनच सकाळी पोट दुखतं.

शिक्षा चुकीची वाटली तर काय? समजा दोघं बोलले आणि पूर्ण वर्गाचा खेळाचा तास गेला. मूल म्हणतं मी तर बोललोच नव्हतो. इथे टीचरची बाजू सावरायला उगीच काहीतरी खोटं सांगू नका. "तुझं बरोबर आहे, तू बोलला नव्हतास आणि तरी तुझा खेळ गेला, वाईट वाटणारच" असं सरळ म्हणा. न्याय-अन्याय मुलांना लवकर कळतो, आणि आपण त्यावर पांघरूण घातलं तर आपल्यावरचाच विश्वास जातो.

घरात दुसरी शिक्षा नको, आणि टीचरला शिव्याही नकोत

"थांब बाबा येऊ दे, सांगतेच", टीव्ही बंद, मोबाईल बंद, रविवारची बाग बंद, हे करू नका. चूक वर्गात झाली, त्याचं जे व्हायचं ते वर्गात झालं, आता संध्याकाळी सात वाजता टीव्ही बंद करून सकाळच्या बोलण्याशी त्याचा संबंध मुलाला लागत नाही, त्याला फक्त एवढं कळतं की शाळेतलं घरी सांगितलं की परत शिक्षा होते.

दुसरं टोक आजी-आजोबांचं. "कोण ती टीचर, माझ्या सोन्याला बोलते, उद्या बघतेच तिला." प्रेमापोटी असतं, मला कळतं, पण मुलाला उद्या त्याच बाईंसमोर पाच तास बसायचंय आणि ज्या माणसाला घरचे वाईट म्हणतात त्याचं ऐकायचं कसं हा गोंधळ त्याच्या डोक्यात होतो. आजींना बाजूला घेऊन प्रेमाने सांगा, "आई, तुम्ही त्याला जवळ घ्या, गोष्ट सांगा, पण बाईंबद्दल त्याच्यासमोर नको." बहुतेक आज्या ऐकतात, त्यांना करायला काहीतरी काम मिळालं की झालं.

आणि लाच पण नको. उद्या ओरडा नाही खाल्लास तर चॉकलेट, असं म्हटलं की मूल ओरडा खाल्लेला लपवायला शिकतं. गुजरातचे बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांनी १९२० साली भावनगरला बालमंदिर सुरू केलं तेव्हा शिक्षा आणि आमिष दोन्ही नको असंच त्यांचं म्हणणं होतं, आणि त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडकांनी हा विचार पुढे आपल्याकडे रुजवला. शंभर वर्षांनी आपण घरी स्टिकरचा तक्ता लावतो तेव्हा हे आठवायला हरकत नाही.

उद्यासाठी एकच गोष्ट ठरवा आणि तिची प्रॅक्टिस करा

"उद्यापासून नीट वाग" हे मुलाला कळत नाही. नीट म्हणजे काय? एकच गोष्ट निवडा आणि ती करून दाखवा. मधे बोलतो म्हणून रिमार्क असेल तर जेवताना घरात खेळ करा, ज्याला बोलायचंय त्याने हात वर करायचा आणि नाव घेतल्यावर बोलायचं, बाबांनी पण. जागेवरून उठतो म्हणून असेल तर उठायच्या आधी म्हणायचं वाक्य पाठ करून घ्या, "मिस, मी पेन्सिल शार्प करू का?" कुणाला ढकललं असेल तर "मला पण जागा दे" हे मोठ्याने म्हणायची सवय लावा. चार-पाच वेळा हसत-खेळत झालं की बास, लेक्चर नको.

सॉरी म्हणायला लावायचं का, असं पालक विचारतात. मुलाला म्हणावंसं वाटत असेल तर जरूर, आणि वाक्य त्याचं असू दे. जबरदस्तीने पाठ करून पाठवलेलं सॉरी मला टीचर म्हणून लगेच कळतं, मूल माझ्याकडे न बघता एका दमात म्हणतं आणि पळतं.

सकाळी निघताना कालचा विषय काढू नका. गेटवर "आज तरी ओरडा खाऊ नकोस हं" हे शेवटचं वाक्य घेऊन ते आत जाणार असेल तर दिवसाची सुरुवातच भीतीने होते. त्यापेक्षा डब्यात काय आहे ते सांगा.

टीचरशी बोलणं

आधी डायरीवर सही करा, न केलेली सही म्हणजे पालकांनी बघितलंच नाही असं आम्ही समजतो. खाली दोन ओळी लिहा, उदाहरणार्थ: "रिमार्क वाचला, घरी त्याच्याशी बोललो आहोत. नेमकं काय झालं हे समजून घ्यायला पाच मिनिटं भेटता येईल का? आपल्याला सोयीची वेळ कळवावी." अशी चिठ्ठी आली की खरं सांगते, आम्हालाही हायसं वाटतं, कारण आम्हाला बहुतेक वेळा एकतर भांडण येतं नाहीतर काहीच येत नाही.

शाळा भरताना किंवा सुटताना दारात गाठू नका, तेव्हा टीचरचं लक्ष मुलं मोजण्यात असतं. कायद्याने पहिली ते पाचवीला साधारण ३० मुलांमागे एक शिक्षक हवा, प्रत्यक्षात कितीतरी वर्गांत ४०-५० मुलं असतात, आणि ओपन हाऊसच्या दिवशी प्रत्येकाला पाच मिनिटंसुद्धा मिळत नाहीत. म्हणून वेगळी वेळ मागा, आणि मूल सोबत नको.

भेटल्यावर "तो घरी तर असं करत नाही" हे वाक्य गिळून टाका. घरी समोर ४० मुलं नसतात. विचारा की हे कोणत्या तासाला होतं, त्याच्या आधी काय चाललेलं असतं, शेजारी कोण असतं, आणि काय केलं की तो तुमचं ऐकतो. शेवटचा प्रश्न फार कामाचा, टीचरलाही विचार करायला लावतो. तुमच्याकडचीही माहिती द्या, घरात नवीन बाळ आलंय, बाबा बाहेरगावी आहेत, आजोबा आजारी आहेत, घर बदललंय. मुलाची जागा बदलून पाहावी असं वाटत असेल तर तेही सुचवा, पण ठराविक मुलाशेजारी नको असं नाव घेऊन सांगताना जपून, ते मूलही कुणाचं तरी आहे.

रिमार्क परत परत येत असेल तर

एकदा-दोनदा झालं तर विसरा. दर आठवड्याला व्हायला लागलं तर कारण शोधा, आणि ते बरेचदा वागण्यात नसतंच.

सगळ्यात जास्त मला दिसणारं कारण म्हणजे भाषा. घरी मराठी, शाळा इंग्रजी माध्यमाची, आणि टीचर म्हणतात "कीप युअर बॅग्स इनसाइड अँड टेक आऊट युअर मॅथ्स नोटबुक". बाकीची मुलं करतात ते बघून आपलं मूल करतं, म्हणजे दरवेळी दहा सेकंद उशिरा, आणि त्या दहा सेकंदात शेजारच्याला विचारतं "काय म्हणाल्या?" झालं, टॉकिंग इन क्लास. हे मूल खोडकर नाही, त्याला सूचनाच कळली नाही. टीचरना विचारा वर्गात रोज कोणत्या सूचना देता, आठ-दहाच असतात: स्टँड इन अ लाईन, फोल्ड युअर हँड्स, ओपन युअर बुक, कॉपी फ्रॉम द बोर्ड, वेट फॉर युअर टर्न. त्या घरी खेळात वापरा, खेळणी आवरताना, पानं वाढताना, चपला घालताना. थोड्याच दिवसांत फरक दिसतो. आणि त्याला एक वाक्य नक्की द्या, "मिस, मला कळलं नाही", मराठीत म्हटलं तरी चालेल का हे टीचरना विचारून ठेवा. "मिस, सू लागलीये" चं पण तसंच, भाषा येत नाही म्हणून कितीतरी मुलं सू दाबून धरतात आणि मग चुळबूळ करतात म्हणून बोलणी खातात.

मग डोळे. ज्याला फळा अंधुक दिसतो ते मूल सांगत नाही, कारण सगळ्यांना असंच दिसतं असं त्याला वाटतं. ते शेजारच्याच्या वहीत बघून उतरवतं आणि कॉपी करतो म्हणून रिमार्क येतो. टीव्हीजवळ जाऊन बसतं का, डोळे बारीक करतं का बघा आणि एकदा तपासून घ्या. कानांचंही तेच, सारखी सर्दी असणाऱ्या लहान मुलांच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साठून काही आठवडे कमी ऐकू येऊ शकतं, आणि आपण म्हणतो ऐकतच नाही.

झोप. ३ ते ५ वर्षांच्या मुलाला दुपारची धरून १० ते १३ तास आणि ६ च्या पुढे ९ ते १२ तास झोप लागते. रात्री अकराला झोपून सहाला उठणारं मूल तिसऱ्या तासाला चिडचिड करणारच. २०२४ मध्ये राज्य सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ नंतर भरवायला सांगितले ते याचसाठी, पण सगळीकडे ते झालेलं नाही, तुमची शाळा सकाळचीच असेल तर रात्रीचं जेवण आणि मोबाईल दोन्ही अलीकडे ओढावं लागेल. डबा परत येतो का तेही बघा, मधल्या सुट्टीनंतरच त्रास होत असेल तर बहुतेक पोट रिकामं असतं.

काही मुलांचं काम पटकन होतं आणि मग ती मोकळी बसून इतरांना छळतात, अशांना टीचरनी वह्या वाटायला दिल्या तरी पुरतं. काहींचा हात लिहून दुखतो म्हणून ती लिहीतच नाहीत.

हे सगळं बघून झालं, आणि तरी सहा महिन्यांहून जास्त काळ शाळेतही, घरीही, बाहेर पाहुण्यांकडेही सारखीच अस्वस्थता, लक्ष न लागणं, स्वतःला थांबवता न येणं असं दिसत असेल, किंवा शाळेच्या दिवशी रोज पोटदुखी आणि सुट्टीला काहीच नाही, गादी परत ओली व्हायला लागली, बोलणं कमी झालं असं काही असेल तर मग बालरोगतज्ज्ञांकडे जा, ते गरज पडली तर पुढे मुलांच्या समुपदेशकाकडे किंवा विकासतज्ज्ञाकडे पाठवतील. या दुसऱ्या गटातल्या खुणा असतील तर सहा महिने थांबू नका. जाताना डायरी न्या आणि एक कागद, त्यावर तारीख, तास, आधी काय झालं आणि मूल काय म्हणालं एवढं लिहिलेलं. डॉक्टर पहिलं हेच विचारतात आणि आयत्या वेळी काही आठवत नाही.